परदेशचा प्रवास आणि घराजवळचा विसावा

मनुष्यास दोन ओढी जन्मतःच असतात. डोंगरापलीकडे काय आहे ते पाहावे ही एक, आणि दिवसभराचे श्रम संपल्यावर आपल्या ओसरीवर येऊन स्वस्थ बसावे ही दुसरी. पहिलीपासून प्रवास उत्पन्न झाला व दुसरीपासून विसावा. या दोहोंचे परस्परांशी वैर आहे, अशी समजूत अलीकडे बरीच रूढ झालेली दिसते. ज्यास परदेशी जाण्याचे सामर्थ्य आहे तो विचारतो, "दिंडोरीत पाहण्याजोगे आहे तरी काय?" ज्यास ते नाही, तो सुटीचे दिवस हातातील फोनवर दुसऱ्यांच्या सफरींची चित्रे पाहण्यात घालवितो आणि आपण काहीच पाहिले नाही म्हणून मनातल्या मनात कष्टी होतो. आमच्या मते हे दोघेही एकाच भ्रमात आहेत. जितके अंतर अधिक तितका आनंद अधिक, हा तो भ्रम होय. प्रवासाचा आनंद कशाने मिळतो व विसाव्याचा कशाने, आणि आपल्या तालुक्यातील विद्यार्थ्यास हे दोन्ही कसे साधता येतील, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम परदेशगमनाकडे वळू. देशाटनाने अंगी चातुर्य येते, असे आपली वडील माणसे सांगत आली आहेत. परंतु याच समाजात समुद्र ओलांडणे हे दीर्घकाळ पातक गणले जाई आणि परत आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला व विलायतेचा जलमार्ग पुष्कळच जवळ आला; मनातला समुद्र मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे तेवढाच रुंद राहिला. तो ज्यांनी ओलांडला त्यांत दोन मराठी स्त्रियांची नावे आदराने घेतली पाहिजेत. आनंदीबाई जोशी या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या ४ जून रोजी न्यूयॉर्कास पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, आणि पुढे १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या.

रमाबाईंचा प्रवास आमच्या विषयास विशेष उपयोगी आहे. अमेरिकेत त्यांनी सुमारे अडीच-तीन वर्षे काढली आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या नावातच 'लोकस्थिती' हा शब्द आधी आला आहे व 'प्रवासवृत्त' मागाहून आले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथील शाळा कशा चालतात, घरे कशी चालतात, स्त्रिया एकत्र येऊन संस्था कशा उभारितात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. आणि तेथील मूळ रहिवाशांस व कृष्णवर्णीयांस सोसाव्या लागलेल्या अन्यायाकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची बालोद्यानाची पद्धत त्यांनी तेथे अभ्यासिली आणि ती मायदेशी आणण्याचा निश्चय केला. ही दृष्टी त्यांस कोठून प्राप्त झाली? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेच्या निमित्ताने त्यांनी हिंदुस्थानचा फार मोठा भाग पायी तुडविला होता. उपाशी माणसे, विधवांचे हाल, पंडितांच्या सभा, हे सर्व त्यांनी चालता चालता पाहिले होते. ज्याने आपला देश पायाखाली घालून जाणला, त्यासच परका देश पाहताना कोणते प्रश्न विचारावे हे कळते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. लंडन येथील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या प्रसिद्ध मंदिरात आफ्रिकेचे संशोधक व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची कबर आहे. रोज शेकडो प्रवासी ती पाहतात. त्यांत आपल्या नाशिककडचे प्रवासीही असतील. ते कबरीचे चित्र घेतात व पुढे जातात. परंतु लिव्हिंग्स्टन यांचा देह तेथपर्यंत कोणी आणिला? १८७३ साली मे महिन्याच्या आरंभी आफ्रिकेच्या अंतर्भागात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरिले, देह वाळवून गुंडाळिला आणि तो खांद्यावर घेऊन हजाराहून अधिक मैलांची वाट चालून सुमारे नऊ महिन्यांनी समुद्रकिनारा गाठिला. सुसी व चुमा हे त्यांचे पुढारी होते. हृदय पुरतेवेळी ज्याने प्रार्थना वाचिली आणि झाडाच्या सालीवर मृत्यूचा लेख कोरिला, त्या तरुणाचे नाव जेकब वेनराइट. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेल्या आफ्रिकन मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रयस्थान चालविले होते. हा जेकब तेथेच लिहावयास वाचावयास शिकला. पुढे तो देहाबरोबर इंग्लंडास गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी झालेल्या दफनविधीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तोही होता.

दिंडोरीहून शरणपूर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. आज ते नाशिक शहरात मिसळून गेले असून आपण तेथून अनेकदा जातो. ज्यास ही हकीकत ठाऊक आहे, तो लंडनास गेला तर त्या कबरीपाशी त्याचे पाऊल थबकेल; आणि जो लंडनास कधीच गेला नाही, त्याचेही पाऊल शरणपूर रस्त्यावर थबकेल. ज्यास ती ठाऊक नाही, त्यास दोन्ही ठिकाणी दगडमातीवाचून काही दिसणार नाही. दूरचे व जवळचे यांचा संबंध असा आहे.

आता आजच्या प्रवासाविषयी दोन शब्द. आनंदीबाईंना जेथे दोन महिने लागले तेथे आज विमानाने एका दिवसात जाता येते. मुंबईहून सकाळी निघालेला मनुष्य त्याच दिवशी लंडनास उतरतो. ही सोय मोठी आहे, आणि तिचा लाभ ज्यांस घेता येईल त्यांनी अवश्य घ्यावा. परंतु सोयीबरोबर घाईही आली आहे. दहा दिवसांत सहा-सात देश दाखविणाऱ्या सफरी निघतात. पहाटे उठावे, मोटारीत बसावे, देवळापुढे वा मनोऱ्यापुढे उभे राहून चित्र काढावे, पुन्हा मोटारीत बसावे आणि रात्री बरोबर आणलेला चिवडा काढून आपल्याच मंडळींशी आपल्याच गावच्या गोष्टी कराव्या, असा क्रम चालतो. परतल्यावर चित्रे शेकडो असतात, परंतु तेथील एकाही माणसाचे नाव सांगता येत नाही. अशा प्रवासात मनुष्याचे स्थलांतर होते, मनाचे होत नाही. शिवाय तो घरी येतो तो दमून, आणि दमणूक घालविण्यासाठी त्यास आणखी एक सुटी हवी असते.

परदेशप्रवासाचा खरा आनंद घ्यावयाचा असेल तर ठिकाणे थोडी व मुक्काम लांब असावा. निघण्यापूर्वी त्या देशाचा इतिहास व नकाशा वाचावा. नमस्कार, आभार, क्षमा, किंमत किती, एवढे शब्द तरी त्यांच्या भाषेत शिकावे. सकाळी बाजारात पायी जावे, बाकावर बसून माणसे पाहावी, त्यांचे अन्न निदान एकदा श्रद्धेने चाखावे, आणि रात्री दोन ओळी वहीत लिहाव्या. आपल्या तालुक्यातील मनुष्यास तर एक विशेष सुख आहे. हिवाळ्याच्या अखेरीस युरोपातील एखाद्या दुकानात शिरल्यास तेथे भारतीय द्राक्षे मांडलेली आढळण्याचा पुष्कळ संभव असतो. आपली बरीच द्राक्षे नेदरलँड्स देशात उतरून तेथून इतरत्र जातात. इतर गिऱ्हाइकांस तो केवळ घोस दिसतो. दिंडोरीच्या मनुष्यास त्यामागची ऑक्टोबरातली छाटणी, धुक्याच्या रात्री, करप्याची व भुरीची धास्ती आणि मणी विरळणाऱ्या बायांचे हात दिसतात. आणि मौज अशी की, हे द्राक्षही मूळचे आपले नव्हे. आपल्याकडे घरोघर ज्याचे नाव घेतले जाते त्या 'थॉमसन सीडलेस'ला ते नाव कॅलिफोर्नियातील विल्यम थॉमसन नावाच्या बागाइतदारावरून पडले, आणि त्याची मूळ जात त्याही आधी पश्चिम आशियाकडची. आपल्या बांधावर उभा असलेला वेल हाच एक मोठा प्रवासी आहे.

येथवर ज्यांनी वाचले त्यांच्या मनात शंका येईल की, हे सर्व जाणाऱ्यांसाठी झाले; आमच्यापैकी बहुतेकांनी काय करावे? कित्येकांच्या घरी यंदाच्या पावसाने की बाजारभावाने घेतले, याचाच हिशेब अद्याप चालू असतो. तेथे परदेशाची गोष्ट कोण काढणार? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

इंग्लंडात सेल्बोर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक धर्मोपदेशक अठराव्या शतकात राहत असत. त्यांस घोड्यांच्या गाडीत बसले की मळमळे, म्हणून लांबचा प्रवास त्यांस मानवत नसे. त्यांनी आपल्याच गावचे पक्षी, गांडुळे, हवा, पाऊस व बागेतील एक म्हातारे कासव यांकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले आणि जे दिसले ते मित्रांस पत्रांनी कळविले. ती पत्रे १७८९ साली पुस्तकरूपाने निघाली आणि आज दोन शतके उलटून गेली तरी जगभर वाचली जातात. दिसावयास अगदी सारखे असे तीन चिमुकले पक्षी वेगवेगळ्या जातींचे आहेत, हे त्यांनी केवळ त्यांच्या गाण्यावरून ओळखिले. आपल्याकडे दुर्गाबाई भागवत यांनी 'ऋतुचक्र' या पुस्तकात बारा महिन्यांची बारा रूपे वर्णिली. त्यासाठीही परदेशी जावे लागले नाही, जागे राहावे लागले.

मग आपल्या दिंडोरीस काय आहे ते पाहू. नाशिक-पेठ रस्त्यालगत आशेवाडीच्या माथ्यावर रामसेज किल्ला उभा आहे. रामसेज म्हणजे रामाची शेज. पंचवटीस असताना श्रीराम येथे विश्रांतीस येत, अशी लोकसमजूत आहे. म्हणजे विसाव्याचे नाव असलेला डोंगरच आपल्या तालुक्यात आहे. परंतु या शेजेवर मोगलांस मात्र झोप लागली नाही. १६८२ साली औरंगजेबाच्या सरदाराने या किल्ल्यास वेढा घातला. किल्ला लहान, भोवतीचा प्रदेश मोकळा. तो सहज पडेल अशी अपेक्षा होती. तरीही मूठभर मराठ्यांनी तो कित्येक वर्षे झुंजविला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नसल्याने त्यांनी लाकूड पोखरून, त्यावर कातडे मढवून तोफा केल्या, असे मोगलांच्याच बाजूच्या खाफी खान या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. चढण सोपी आहे. एका सकाळीत जाऊन येता येते. वर बसून शिदोरी सोडावी, उत्तरेस सातमाळ्याची रांग न्याहाळावी आणि एवढ्याशा माथ्यावर पाणी कोठे साठवीत असतील, याचा शोध टाकी पाहून घ्यावा. गड चढल्याचे व इतिहास वाचल्याचे, अशी दोन्ही सुखे एकाच दिवशी पदरात पडतील.

गडावरून उतरून नदीकडे यावे. कादवा आपल्याच तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते. करंजवण व पालखेड या धरणांतून वाट काढीत ती निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीस मिळते. तेथील जलाशयावर हिवाळ्यात सहस्रावधी पक्षी उतरतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक इत्यादी. त्यांपैकी पुष्कळ हिमालयापलीकडून, मध्य आशियातून व सैबेरियातून आलेले असतात. २०२० साली या पाणथळीस रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील ते पहिलेच. रामसर हे इराणातील एक शहर. तेथे १९७१ साली पाणथळींच्या रक्षणाचा जागतिक करार झाला म्हणून हे नाव. नांदूरपर्यंत जाणे न जमल्यास आपल्या शेततळ्याच्या काठीच उभे राहावे. पावसाळा सरता सरता शेपटी हालवीत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी तेथे आलेला दिसेल. शिवारावरून काळ्या-गुलाबी भोरड्यांचे थवे जातील. त्यांची घरटी मध्य आशियाकडे असतात. ज्यास पारपत्र लागत नाही असा हा प्रवासी आपल्या गावास परदेश समजून येतो, येथे हिवाळाभर विसावतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततो. आपण ज्या गावास कंटाळतो, त्या गावासाठी कोणी हजारो मैल उडत येते, हे ध्यानात आले म्हणजे कंटाळा राहणार नाही.

माणसांच्या बाबतीतही असेच आहे. तालुक्याच्या पूर्वेकडील बागाइती गावांतील विद्यार्थी पश्चिमेच्या डोंगरकपारीतील कोकणा व महादेव कोळी बांधवांच्या पाड्यांवर क्वचितच जातो. तेथील बोलीतील कित्येक शब्द त्यास नवे वाटतील. मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाचा उत्सव, रात्र रात्र चालणारा मुखवट्यांचा बोहाडा, नागलीची भाकरी, हे पाहण्यास त्यास बसच्या तिकिटाहून अधिक खर्च येणार नाही. मात्र परदेशी जाताना आपण जो विनय बरोबर नेतो, तोच येथेही न्यावा. तमाशा पाहावयास आल्यासारखे वागू नये. आपल्या वर्गात त्या पाड्यावरचा सोबती असेल तर त्यासच वाटाड्या करावे व त्याच्या घरी पाहुणा होऊन जावे. तसेच वाघाड धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः मोजून वाटून घेतात, ती व्यवस्था पाहावयास बाहेरून अभ्यासू मंडळी येतात. आपण ती आजोबांस किंवा वडिलांस विचारून एका सायंकाळी समजून घेऊ शकतो.

आता विसाव्याविषयी. विसावा म्हणजे आळस नव्हे हे द्राक्षबागाइतदारास निराळे सांगावयास नको. माल उतरल्यावर तो लगेच खरड छाटणी करीत नाही. बागेस पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो. त्या काळात वरून काही घडताना दिसत नाही. परंतु घोसांनी थकविलेला वेल आपल्या खोडांत व मुळांत अन्नसाठा पुन्हा भरून घेत असतो. ही विश्रांती चुकविली तर फुटवा एकसारखा येत नाही व पुढील वर्षाचा माल धोक्यात येतो. मनुष्याचेही तसेच आहे. परीक्षेनंतर काही दिवस पुस्तक मिटावे, झाडाखाली पडावे, विहिरीत पोहावे, आजीच्या गोष्टी ऐकाव्या, कार्तिकात आवळीखाली भोजनास जावे. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र सुटीभर फोनच्या काचेवर बोट फिरवीत बसणे हा विसावा नव्हे. त्यात डोळे श्रमतात आणि मन रिकामेच राहते.

परंतु विसाव्याची एक बाजू आपण बहुधा विसरतो, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सृष्टी उत्पन्न केल्यावर देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, असे पवित्र शास्त्र सांगते. आणि विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना ते केवळ घरधन्याचे नाव घेऊन थांबत नाही. त्याच्या पुत्रास, कन्येस, दासास, दासीस, दारच्या परक्यास आणि गुराढोरांसही त्या दिवशी काम नसावे, असे ते बजाविते. आपल्याकडील पोळ्याचा सणही याच जातीचा आहे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्यास न्हाऊ घालून पुरणपोळी चारितात. वर्षातून एक दिवस बैलास पोळा असतो. आपल्या आईस तो कोणत्या दिवशी असतो? रविवारी भाऊ मित्रांसह रामसेजवर जातो, तेव्हा बहीण डबा भरून देते व तो परतल्यावर भांडी घासते. सुटी शाळेस लागते, चुलीस लागत नाही. बागेत मजुरीस येणाऱ्या कुटुंबांची मुले तर सुटीतच अधिक राबतात. एकाचा विसावा दुसऱ्याच्या श्रमावर उभा असेल तर तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

यास्तव आमची सूचना अशी आहे. यंदाच्या उन्हाळी सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी निदान एका दिवसाचा पोळा आईसाठी व बहिणीसाठी करावा. त्या दिवशी पाणी त्याने भरावे, भाकरी जमेल तशी त्याने थापावी, आणि त्यांस जेथे जावेसे वाटेल तेथे नेऊन आणावे. कोणास वणीच्या बाजारात जावेसे वाटेल, कोणास धरणाच्या भिंतीवर वारा घेत बसावेसे वाटेल, कोणास काहीच न करता झोपावेसे वाटेल. तो त्यांचा अधिकार आहे. घरातल्या किती जणांस असा दिवस यापूर्वी कधी मिळाला होता, हेही त्या निमित्ताने विचारून पाहावे.

सारांश, प्रवास असो की विसावा, त्याचे साहित्य थोडकेच आहे : उघडे डोळे, विचारण्याचा विनय, एक वही आणि बरोबर घेण्याजोगा सोबती. हे ज्याने दिंडोरीत कमाविले त्यास उद्या ईश्वरकृपेने परदेशी जाण्याचा योग आला तर तो रिकाम्या हाताने परतणार नाही. आणि तो योग आलाच नाही, तरी त्याचे जग लहान राहणार नाही. सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हा आपल्या गावातील आजवर न पाहिलेल्या एका गोष्टीची हकीकत प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून आणावी. त्यांतील चांगल्या हकीकतींस पुढील वर्षीच्या अंकात स्थान मिळावे, अशी आमची मनापासूनची इच्छा आहे.